आवक क्रमांक चारशे सतरा

"तुम्ही किती सुसंस्कृत आहात हो!" संचालकबाई म्हणाल्या आणि तो दचकला. घडलं होतं ते एवढंच, की दोघं एकाच वेळी नोंदखोलीच्या दाराशी आले, त्याने दार धरून ठेवलं आणि बाईंना आधी जाऊ दिलं. एवढ्याशा गोष्टीला कोणी असं म्हणतं? बाई हसल्या त्याही चांगल्या हसल्या, कुचेष्टा अशी नव्हती. पण आवाजात नवल होतं. सोनाराला कोणी म्हणत नाही, की तुम्हाला सोनं किती छान पारखता येतं हो. ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याचंच असं कौतुक होतं. पोहणाऱ्या माशाचं नाही, पोहणाऱ्या मांजराचं. तो "छे छे, त्यात काय" असं काहीतरी पुटपुटला, दार सोडलं, आणि ज्या कामासाठी नोंदखोलीकडे आला होता ते विसरून परत आपल्या टेबलाशी जाऊन बसला.

संग्रहालयात त्याला सगळे पाटीमास्तर म्हणत, कारण वस्तूंखालच्या पाट्या लिहिणं हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. पूर्वी कुंचल्याने लिहायचा, हल्ली अक्षरं यंत्रातून निघत, पण मजकूर आणि मापं त्याची. दुसऱ्यांच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाची पाटी बाईंनी वाचली की काय? सेवापुस्तक पाहिलं असेल. पण सेवापुस्तकात मूळ गाव म्हणून त्याने वसतिगृहाचं गाव लिहिलं होतं, ज्या डोंगरातून तो आला त्याचा उल्लेखच नव्हता. मग कोणी कान भरले? नोंदखोलीतला कारकून? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण त्याला मुळात ठाऊक असायला तर हवं. बायकोलासुद्धा अर्धंच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला दोनदा बजावूनही त्याने शर्टाच्या बाह्या पाहिल्या, नखं पाहिली, आणि समोरचा चहा घेताना घोटाचा आवाज होत नाही ना, याकडे कान दिला. आवाज होत नव्हता. गेली अठ्ठेचाळीस वर्षं होत नव्हता. चहा मात्र गार झाला होता आणि त्याला तो मुळीच आवडला नाही.

तसा 'सुसंस्कृत' हा शब्द त्याला काय नवा होता? संग्रहालयाची इमारतच मुळी त्या कल्पनेवर बांधलेली. जो कोण गृहस्थ ती बांधून गेला त्याचा अर्धपुतळा दारातच आहे, मिशा ठसठशीत, नाकाचा टवका उडालेला. त्याने एकापेक्षा एक उंच अशी तीन दालनं काढली, मध्ये सात सात पायऱ्या. खालच्या कमानीवर लिहिलं 'रानटी अवस्था', मधल्या कमानीवर 'अर्धसुधारलेली अवस्था', आणि वर, जिथे छताला काचा आहेत आणि उजेड मुबलक, तिथे 'सभ्यता'. दारातून शिरलेला माणूस दगडी हत्यारांपासून चढत चढत दम लागेपर्यंत सभ्य व्हायचा आणि वर पोचला की पंख्याखालच्या बाकावर टेकायचा. वर काय होतं? चिनी मातीची भांडी, घड्याळं, एका न्यायाधीशाची खुर्ची आणि एका तोफेची छोटी प्रतिकृती. शाळांच्या सहली आल्या की शिक्षक खालच्याच दालनात विचारत, "सांगा बरं, आपण कुठल्या पायरीवर?" आणि झाडून सगळी पोरं वर बोट करत. मोजपट्टी ज्याने केली त्याने आधी स्वतः वर उभं राहून मग खालच्यांची मापं घेतली होती, हे कुणाच्या लक्षातही येत नसे. पुढे दुसरे संचालक आले तोवर काळ बदलला होता, 'रानटी' म्हणणं बरं दिसेना. त्यांनी याच्याकडून नव्या पाट्या रंगवून घेतल्या: 'आदिम', 'ग्रामीण', 'नागर'. तिसऱ्यांनी 'लोकजीवन', 'परंपरा', 'प्रगती' केलं. वस्तू जागच्या हलल्या नाहीत, पायऱ्या तितक्याच राहिल्या. दुपारचं ऊन कमानीवर तिरपं पडलं की 'लोकजीवन'च्या रंगाखालून 'आदिम' आणि त्याच्याही खालून 'रानटी'तला 'रा' फुगून वर आलेला दिसे. तो रोज बघायचा आणि रोज म्हणायचा, पुढच्या वेळी आधी नीट घासून घ्यायला हवं.

आणि आता या बाई. शिकलेल्या, जग बघून आलेल्या, मनानेही चांगल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की सभ्यता ही कल्पनाच आपण इथून काढून टाकणार आहोत, तिने फार नुकसान केलंय, सगळे समाज आपापल्या जागी पूर्ण असतात. पायऱ्या फोडून तिथे सलग उतार करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. पण मनात म्हणाला, वा रे वा! आम्ही जन्मभर धापा टाकत चढलो, शेवटच्या पायरीला पाय लागतोय तोच म्हणे जिनाच नको होता. ज्यांचा जन्मच वरच्या दालनात झाला त्यांचं काय जातंय जिना फोडायला? आणि कल्पना टाकायची तर मग मघाशी दारात ती बाईंच्या तोंडून पहिली कशी बाहेर पडली? पाणी कुठेतरी मुरतंय, त्याला वाटलं. बाई त्याला चाचपून बघत असतील. डोंगरातल्या वस्तूंच्या पाट्या नव्याने लिहायच्या होत्या ना, त्यासाठी डोंगरातला एखादा माणूस त्यांना हवाच होता. 'आमचे हे सहकारी स्वतः तिथलेच' म्हणून त्याला उद्घाटनाला पुढे उभं करतील, गळ्यात हार घालतील, फोटो काढतील. तोही मग एक वस्तूच. त्याच्याखाली कोण पाटी लिहिणार?

पण खोटं कशाला बोला, त्या शब्दाने त्याचं भलंच केलं होतं. आठव्या वर्षी बापाने त्याला वसतिगृहात आणून सोडलं तेव्हा तो उकिडवा बसायचा, हाताच्या पाठीने नाक पुसायचा. गुरुजी म्हणत, "माणसासारखं बस!" आणि तो लगेच माणसासारखा बसे. मारलं त्याला कधीच नाही. तो मार खायची वेळच येऊ देत नसे. पहिल्या सुट्टीत डोंगरावर परत गेला आणि बापाला म्हणाला, "आबा, तुम्ही बसा," तर बापाने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. आई हसली. बाप हसला नाही. पुढे सासऱ्यांनी मुलगी दिली ती 'मुलगा फार सुसंस्कृत आहे' एवढ्याच जोरावर. गावगाडा, नातीगोती काही विचारलं नाही. शब्दाने दारं उघडली होती, खुर्ची दिली होती, भरल्या घरात मान दिला होता. आणि एवढं सगळं देणाऱ्या त्या शब्दाचा त्याने स्वतः सगळ्यात जास्त वापर कुठे केला असेल, तर घरात, बापावर. ते आठवलं की त्याला आतून कसंतरी व्हायचं, आणि मग तो लगेच दुसरं काहीतरी आठवायचा.

दुपारी मात्र त्याला नोंदखोलीत जावंच लागलं. बाईंचा हुकूम होता, की नव्या पाटीवर वस्तू कुठून आली, कोणाकडून आली हे असलंच पाहिजे, आणि ते फक्त जुन्या आवक नोंदवहीत होतं. सव्वीस वर्षांत त्याने ही वही उघडली नव्हती. रीत अशी, की वरिष्ठ कार्ड लिहून देणार, त्याने कार्डावरून पाटी करायची. कार्डावरच्यांना वस्तूचा उपयोग कळला तर ते लिहीत 'अवजार'. नाही कळला तर 'विधीसाठी'. संग्रहालयातला तो जुना विनोदच होता: कळलं तर अवजार, नाही कळलं तर देव. कारकुनाने कपाटातून वही काढली, धूळ फुंकली ती नेमकी याच्याच तोंडावर आणि म्हणाला, "घ्या मास्तर, तुमची जन्मकुंडली." तो दचकला. "माझी कशाला?" "अहो, तुमच्या पाट्यांची म्हणतोय! आज काय बिनसलंय तुमचं?" शंभरपासून सुरुवात करायची असं ठरवून त्याने वही उघडली, आणि बोट आपोआप चारशे सतरावर गेलं.

चारशे सतरा म्हणजे खालच्या दालनात, डाव्या भिंतीशी, काचेच्या कपाटात उभी असलेली ती लाकडी वस्तू. पाठीची फळी, तिला लहानशी बैठक, दोन वाकवलेले दांडे आणि कातडी पट्टे. कपाटात ती उलटी उभी केलेली आहे, दांडे वर, शिंगांसारखे. उलटी आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खाली पाटी त्याच्याच हातची: 'बळीचे आसन. वृद्धांस यात बांधून अरण्यात नेत असत.' सहलीची पोरं सगळ्यात जास्त वेळ इथेच रेंगाळत, एकमेकांना चिमटे काढत. नोकरीला लागून त्याला सहा महिने झाले होते, कायम झाला नव्हता, आणि संचालक त्या वस्तूभोवती फेऱ्या मारत म्हणाले होते, "काय बरं असेल हे?" त्याने एका नजरेत ओळखलं होतं. नुसती वस्तू नाही, हीच वस्तू. उजवा दांडा मोडला होता तो बापाने तांब्याच्या तारेने सांधला होता, आणि सांधताना तार धरून बसायचं काम याचं होतं. गप्प बसला असता तर 'विधीसाठी' लिहून मोकळे झाले असते. पण तो बोलला. "बळी देत असतील, साहेब. म्हाताऱ्यांचा." संचालकांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "वा! वाचन दिसतंय तुमचं." त्याच महिन्यात तो कायम झाला.

का बोलला असेल? त्यावर त्याने सव्वीस वर्षं पांघरूण घातलं होतं, आणि आज बाईंच्या एका वाक्याने ते ओढलं गेलं. सहा वर्षांचा होता. सकाळ होती, धुकं होतं. आजोबांना त्या आसनात बसवून पट्टे आवळले, बापाने ते पाठीवर घेतलं आणि उतार उतरायला लागला. आजोबांचं तोंड मागे, घराकडे. ते नातवाकडे बघत बघत खाली गेले. हात हलवला नाही, ओरडले नाहीत, नुसते बघत होते आणि लहान लहान होत गेले. नवव्या दिवशी बाप परत आला. एकटा. पाठीवर आसनसुद्धा नाही. आईने विचारलं नाही, बापाने सांगितलं नाही. तो ओट्यावर बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला. एवढंच. पोर काय समजणार? काहीच समजलं नव्हतं. समजलं ते वसतिगृहात, तिसऱ्या वर्षी, नवव्या धड्यात. गुरुजींनी त्यालाच उभं करून वाचायला लावलं होतं. 'डोंगरातील रानटी लोक आपल्या वृद्ध मातापित्यांस अरण्यात टाकून देतात.' वाक्य पुरं होईपर्यंत सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला होता. तो थांबला नाही. पुढचं वाक्यही वाचलं, त्याच्या पुढचंही. "शाब्बास," गुरुजी म्हणाले, "उच्चार स्वच्छ झाले हो तुझे!" पुस्तकात छापलेलं खोटं कसं असेल? धुकं, पट्टे, नवव्या दिवसाचे बापाचे रिकामे खांदे, सगळं एका ओळीत लागलं. त्या दिवसापासून बापाच्या हातचं खाणं तो टाळायचा.

आणि वहीत लिहिलं होतं: 'चारशे सतरा. लाकडी आसन, पाठीवर बांधण्याचे. कातडी पट्टे दोन, पैकी एक तुटका. उजवा दांडा तारेने सांधलेला. सरकारी दवाखान्याच्या ओसरीवरून, कंपाउंडरकडून प्राप्त. मालक न्यावयास आला नाही.' खाली तारीख. साल बरोबर पन्नास वर्षांपूर्वीचं. त्याने ते चार वेळा वाचलं. पाठीवर बांधण्याचे, हे तिथे पहिल्यापासून लिहिलेलं होतं. फक्त कोणी वही उघडली नव्हती. पण दवाखाना? बळीचं आसन दवाखान्याच्या ओसरीवर काय करत होतं? असंही असेल, की बापाने म्हाताऱ्याला रानात टाकलं आणि आसन वाटेत दवाखान्याशी फेकून दिलं. असंही असेल, की कंपाउंडरने नुसतं कुठूनतरी उचललं आणि काहीतरी ठोकून दिलं. दवाखाना उतार उतरून तीन दिवसांवर. माणूस टाकायचा असेल तर कोणी तीन दिवस कशाला चालेल? अर्ध्या दिवसावर दरी होती. हा साधा हिशेब त्याने कधी केला नव्हता. इतका हुशार माणूस, उच्चार इतके स्वच्छ, आणि हे सुचलं नाही! की सुचू दिलं नाही? कारण ते तसं असेल तर बापाकडे पाठ फिरवून घालवलेली सगळी वर्षं कुठे ठेवायची?

वही काखेत मारून तो बाईंच्या खोलीत गेला. सांगणार होता. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने "चारशे सतरा" म्हणताच बाईंनीच हात वर केला. "अगदी माझ्या मनातलं बोललात. ते आपण तळघरात ठेवून देऊ. नरबळी, म्हातारे... नको. त्या लोकांना काय वाटेल?"

"ते लोक इथे कधी येत नाहीत, बाई."

"म्हणूनच तर! त्यांच्या वतीने आपणच नको का विचार करायला?" बाई खरोखर कळवळून म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं, "तुमचं मूळ गाव कुठलं हो?"

त्याने वसतिगृहाच्या गावाचं नाव सांगितलं. जीभ इतकी सरावलेली, की मध्ये क्षणभरही गेला नाही. पहिल्या संचालकांच्या काळी त्याच्या माणसांना कपाटात उलटं उभं केलं, आता या बाई त्यांना तळघरात अदबीने निजवणार. काय आहे ते विचारायला मात्र कोणीच तयार नाही, आणि ज्याला सांगता येतं तो "बरं बाई" म्हणून बाहेर पडतो. बाहेर आल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की जिन्याच्या कठड्याला धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. खाली गडी तीच काचेची कपाटं पुसत होता.

साडेपाचला तो घराकडे निघाला. पिशवीत वृद्धनिवासाचा अर्ज होता, भरलेला, सही केलेला, शिक्का मारून आलेला. सोमवारी दहाला बोलावलं होतं. यात लपवाछपवी काही नव्हती आणि बायकोचाही दोष नव्हता. आई गेल्यावर चार वर्षांपूर्वी आबांना इथे आणलं. तीन वर्षं बायकोने त्यांचं सगळं केलं, नोकरी सांभाळून केलं. या वर्षी म्हातारा दोनदा न्हाणीघरात पडला, दुसऱ्यांदा संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता, कारण दोघंही कामावर. "माझ्याने आता निभत नाही," ती रडत म्हणाली होती, "काही झालं तर जन्मभर आपल्यालाच खाईल ते." निवास स्वच्छ होता, परिचारिका होत्या, बाग होती. रीतसर, सुधारलेल्या माणसांची सोय. त्याने पटकन हो म्हटलं. इतकं पटकन, की बायकोनेच चमकून बघितलं. ती काय समजली कोण जाणे. त्याला मात्र त्या क्षणी आत कुठेतरी बरं वाटलं होतं. तू जे केलंस ते मी करत नाही, आबा. मी कागदोपत्री करतो. हा विचार त्याच्या मनात आला होता, शब्द न् शब्द आला होता, आणि तो आता फुटपाथवरून चालताना त्याला इतका किळसवाणा वाटला, की समोरून येणाऱ्याला वाट द्यायचंही भान राहिलं नाही.

आणि लेकीचं ते. लेक वर्षाची होती, आबा तेव्हा आठ दिवसांसाठी डोंगरावरून आले होते. कुठूनतरी फळकुटं मिळवून त्यांनी पाठीवरची छोटीशी बैठक केली, पोरीला तीत बसवलं, आणि म्हातारा खोलीभर नाचत होता, पोर मागे खिदळत होती. हा घरात शिरला, पाहिलं, आणि त्याच्या अंगात कोण संचारलं कोण जाणे. पोरीला त्याने हिसकावून घेतलं. "हे असलं रानटी प्रकरण माझ्या घरात नको!" असं ओरडला. पोर भोकाड पसरून रडायला लागली. आबांनी ती बैठक सुटी सुटी केली, खिळे वेगळे, फळ्या वेगळ्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेले. लेक आता लग्न होऊन दूर देशी आहे. फोनवर आजोबांची चौकशी करते. तिला ते नाचणं आठवत असेल का, हे त्याने कधी विचारलं नाही.

घरी बायकोने सांगितलं, "आबांनी आज तीनदा वार विचारला. सोमवार कधी, सोमवार कधी. कपडेसुद्धा स्वतःच घड्या करून ठेवलेत." हे गेले आठ दिवस चाललं होतं आणि रोज त्याला तो टोमणाच वाटत आला होता: म्हाताऱ्याला सगळं कळतंय आणि तो काटा बोचता ठेवतोय. तो हातपाय न धुताच मागच्या खोलीत गेला. आबा खाटेवर नव्हतेच, नेहमीप्रमाणे खाली, खाटेच्या पायाला टेकून, दाराकडे तोंड करून बसले होते. खिडकीतून संध्याकाळचा उजेड त्यांच्या पायांवर आला होता. पाय सुजलेले. तो समोर बसला. किती वर्षांनी असा बसला ते त्यालाच माहीत, उकिडवाच बसला.

"आबा," तो म्हणाला, "आजोबांना कुठे नेलं होतं तुम्ही?"

कुठले आजोबा, कधी, असं काही म्हाताऱ्याने विचारलं नाही. जणू प्रश्न कालच अर्धा राहिला होता. "दवाखान्यात," आबा म्हणाले. "लघवी तुंबली होती त्याची. पोट टम्म झालं होतं. तीन दिवस चाललो. घर दिसेनासं झालं तसा सगळा उतार मला शिव्या घालत होता, हळू चाल म्हणून. तोंड मागे होतं ना त्याचं. मला दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा."

"मग?"

"मग काय? ओसरीवर बसवला. कंपाउंडर म्हणाला, घाटातल्या चौकीची चिठ्ठी आण, डोंगरातल्या माणसाला चिठ्ठीशिवाय आत घेत नाहीत. मी म्हटलं, अहो माणूस मरतोय. तर म्हणाला, इथे नियम असतात, हे काय रान आहे?" म्हातारा थोडा हसला. "त्याला घेऊन परत चढणं होण्यासारखं नव्हतं. पट्टा तुटला होता. मग तिथेच ठेवला. पाणी भरून ठेवलं त्याच्याजवळ. म्हटलं, जातो न् आलोच. चौकीत साहेब नव्हता. दीड दिवस बसवून ठेवलं मला. चिठ्ठी घेऊन पळत आलो, तर ओसरी धुतलेली."

"धुतलेली म्हणजे?"

"म्हणजे धुतलेली. म्हातारा नाही, आसन नाही. कुठे पुरला तेही सांगेनात. उलट कंपाउंडर माझ्याच अंगावर आला, बापाला टाकून पळालास म्हणून. तुम्ही लोक असलेच, म्हणाला. वहीत लिहून ठेवलंय, म्हणाला. मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती घेतली, नीट घडी करून खणात टाकली."

"कधी सांगितलं नाही तुम्ही," तो कसंबसं म्हणाला.

"काय सांगायचं? टाकूनच तर आलो होतो." आबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. "आणि मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. वसतिगृहातून यायला लागलास तसा तू माझ्याकडे बघायचा बंद झालास. म्हटलं, पोराला कळलं कुठूनतरी. शिकलेल्या माणसांना सगळं कळतं. चुकलोच होतो मी. आधी चिठ्ठी, मग माणूस, असं करायला पाहिजे होतं. कुणी सांगितलंच नाही." मग मान वर करून त्यांनी लेकाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कौतुक होतं, निव्वळ कौतुक. "तू बघ कसं केलंस. आधी कागद केलास, सही केलीस, शिक्का आणलास. सूनबाई सांगत होती. माझ्यापेक्षा लाख पटीने चांगला निघालास तू बापाच्या बाबतीत."

आता मात्र त्याला रडू फुटलं. छप्पन्न वर्षांचा माणूस हमसून हमसून रडायला लागला, त्याने बापाचे सुजलेले पाय दोन्ही हातांनी धरले, आणि बायको ओट्यावरचं तसंच टाकून दारात येऊन उभी राहिली. "आबा," तो म्हणाला, "सोमवारी आपल्याला जायचं नाही. कुठेच जायचं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग कोपऱ्यात घड्या करून ठेवलेल्या कपड्यांकडे, मग पुन्हा लेकाकडे.

"का रे?" ते घाबरून म्हणाले. "नाही म्हणाले का ते?"